शेवटून पहिल्या आलेल्या गाण्याची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२४ एप्रिल १९७४. लिस्बन शहर. रात्रीचे अकरा वाजायला पाच मिनिटं होती. शहरातल्या एका खासगी रेडिओ केंद्रावर जुआंव पावलो दिनिस या निवेदकानं नेहमीच्या सुरात वेळ सांगितली आणि एक गाणं लावलं. गायक पावलो द कार्व्हालो. गाण्याच्या नावाचा अर्थ 'आणि निरोपानंतर'. प्रेम संपलं, ती निघून गेली, आता मी कोण उरलो, अशा धाटणीचं हे विरहगीत. घरोघरी ते ओळखीचं होतं. अडीच आठवड्यांपूर्वीच ते इंग्लंडमधल्या ब्रायटनला युरोव्हिजन गीतस्पर्धेत पोर्तुगालच्या वतीनं गायलं गेलं होतं आणि तीन गुण मिळवून तळाला गेलं होतं. त्या वर्षी जिंकली ती स्वीडनची 'आबा' मंडळी.

तेव्हा त्या रात्री रेडिओ ऐकणाऱ्या बहुतेकांना वाटलं असेल, हरलेलं गाणं पुन्हा कशाला ऐकवताहेत? पण लिस्बनच्या आसपासच्या काही छावण्यांत तरुण लष्करी अधिकारी नेमकं हेच गाणं लागण्याची वाट पाहत रेडिओला कान लावून बसले होते. त्यांच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच होता, की तयारीला लागा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोर्तुगालमधली ४८ वर्षांची हुकूमशाही कोसळलेली होती.

उठावाचा इशारा म्हणून हेच गाणं का निवडलं गेलं? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर हे गाणं मुळात निवडलं कसं गेलं होतं, तिथपर्यंत मागं जावं लागतं.

युरोव्हिजन स्पर्धा सुरू झाली १९५६ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी. पहिल्या वर्षी सात देश होते. युरोपातल्या नभोवाणी आणि दूरचित्रवाणी संस्थांच्या संघटनेनं ती भरवली, त्यामुळे एक नियम पहिल्यापासून आहे. स्पर्धेत देश उतरतो असं आपण म्हणत असलो, तरी प्रत्यक्षात उतरते ती त्या देशाची प्रसारण संस्था. गाणं कोणतं पाठवायचं, गायक कोण आणि हे ठरवायचं कुणी, हे सगळं तिच्या हाती. कुठं चार अधिकारी बंद खोलीत बसून ठरवतात. कुठं स्वीडनसारखा आठवडे-आठवडे चालणारा राष्ट्रीय सोहळा असतो. इटलीचा सान रेमो महोत्सव तर युरोव्हिजनच्याही आधीचा, १९५१ चा, आणि त्याच्यावरूनच युरोव्हिजनची कल्पना सुचली. म्हणजे आधी देशातली स्पर्धा आणि मग देशादेशांतली. नुसत्या निवडीच्या या पद्धती पाहिल्या तरी त्या त्या देशात कुणाच्या शब्दाला किती किंमत आहे, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

पोर्तुगालमध्ये दूरचित्रवाणीचं नियमित प्रसारण १९५७ मध्ये सुरू झालं. 'आरटीपी' ही एकच संस्था होती आणि ती सरकारच्या मुठीत होती. सरकार म्हणजे आंतोनियो सालाझार. गोव्यामुळे हे नाव आपल्याला नवं नाही. १९६४ मध्ये आरटीपीनं युरोव्हिजनसाठी गाणं निवडायला राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. तीच पुढं 'फेस्तिव्हाल दा कांसांव' म्हणजे गीतमहोत्सव म्हणून प्रसिद्ध झाली. त्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत परीक्षकांच्या तुकड्या बसत आणि आपापले गुण लिस्बनला कळवत. एकेका जिल्ह्याचे गुण जाहीर होत आणि लोक दूरचित्रवाणीसमोर बसून बेरजा करत.

आता यातली गंमत पाहा. १९५८ मध्ये उंबेर्तो देल्गादो नावाच्या जनरलनं अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सालाझारच्या उमेदवाराला असं काही आव्हान दिलं, की सरकार हादरलं. मतमोजणीत घोळ करून देल्गादोला हरवण्यात आलं आणि लगोलग १९५९ मध्ये लोकांनी थेट अध्यक्ष निवडण्याची पद्धतच रद्द झाली. म्हणजे ज्या देशानं पाच वर्षांपूर्वी अध्यक्ष निवडण्याचा लोकांचा हक्क काढून घेतला, त्याच देशात गाणं मात्र जिल्हावार गुणांनी निवडलं जाऊ लागलं. अर्थात ते परीक्षकही नेमलेलेच. पण निकाल आधी कुणाला माहीत नाही, बाजी शेवटच्या जिल्ह्यापर्यंत कुठंही झुकू शकते, हा अनुभव त्या देशात वर्षातून एकदा का होईना, याच कार्यक्रमात मिळत होता. तो एवढा लोकप्रिय का झाला, याचं निम्मं उत्तर मला इथं दिसतं.

पहिलं गाणं होतं 'ओरासांव', म्हणजे प्रार्थना. गोव्याच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको. आंतोनियो काल्व्हारियो ते घेऊन कोपनहेगनला गेला आणि शून्य गुण घेऊन परतला. त्याच रात्री एक माणूस थेट रंगमंचावर चढला होता. त्याच्या हातातल्या फलकावर फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार टाकण्याचं आवाहन होतं. त्या स्पर्धेचं चित्रमुद्रण आज उपलब्ध नाही, नुसता आवाज उरला आहे. पोर्तुगालच्या पदरी पुढंही फारसं काही पडत नसे. गाणी वाईट होती म्हणून, की सालाझारची म्हणून, यावर पोर्तुगीज लोक अजून वाद घालतात. मला वाटतं, दोन्हींत थोडं थोडं तथ्य असावं.

१९६७ मध्ये एदुआर्दो नासिमेंतो हा अंगोलाचा कृष्णवर्णीय गायक निवडला गेला. त्या वेळी अंगोलात पोर्तुगालचं वसाहती युद्ध सहा वर्षं चालू होतं. आम्ही वर्णभेद मानत नाही, हे जगाला दाखवण्यासाठी सरकारनंच त्याला पुढं केलं, असं तेव्हापासून बोललं जातं. खरं-खोटं काही असो, गाण्याचं नाव मात्र होतं 'वारा बदलला'.

वारा खरा बदलू लागला तो १९६९ मध्ये. आदल्या वर्षी सालाझार आजारी पडून सत्तेबाहेर गेला होता आणि मार्सेलो कायतानो पंतप्रधान झाला होता. त्या वर्षीचं गाणं लिहिलं होतं आरी दोस सांतोस या कवीनं. भरदार आवाजाचा, उघडपणे डाव्या विचारांचा हा माणूस. मक्याची कणसं सोलण्याच्या ग्रामीण सणाच्या निमित्तानं त्यानं देश, माती आणि स्त्री यांना एकत्र गुंफलं आणि त्यात एक ओळ अशी टाकली, की मूल जन्माला घालणारी बाई त्यातलं सुखही जाणते. ती ओळ एका स्त्रीनं, सिमोन द ओलिव्हेरानं, दूरचित्रवाणीवर खड्या आवाजात म्हटली. सनातनी मंडळींनी गदारोळ केला. माद्रिदच्या स्पर्धेत गाण्याला अवघे चार गुण मिळाले, पण सिमोन आगगाडीनं परतली तेव्हा लिस्बनच्या सांता आपोलोनिया स्टेशनवर तिच्या स्वागताला माणसांचा पूर लोटला होता. हे स्टेशन लक्षात ठेवा, पुढं पुन्हा येणार आहे.

माद्रिदला त्या वर्षी चार देश एकदम पहिले आले होते. निकालाच्या या पद्धतीवर नाराज होऊन काही देशांनी १९७० च्या स्पर्धेकडे पाठ फिरवली. पोर्तुगाल त्यांच्यातलाच. लिस्बनची राष्ट्रीय स्पर्धा मात्र तरीही झाली. म्हणजे जायचं कुठंच नाही, पण निवडायचं आहे!

पोर्तुगालमध्ये वृत्तपत्र, नाटक, गाणं, सगळं आधी सरकारी तपासणीतून जात असे. तपासनीस निळी पेन्सिल वापरत, म्हणून 'निळी पेन्सिल' हाच सेन्सॉरसाठी रूढ शब्द झाला होता. अशा पेन्सिलीखालून आरी दोस सांतोसनं १९७३ मध्ये आणखी एक गाणं काढलं. फेर्नांदो तोर्दो यानं गायलेलं 'तोरादा', म्हणजे बैलांची झुंज. वरवर पाहता मैदान, बैल, भालेवाले, टाळ्या पिटणारे प्रेक्षक. पण ऐकणाऱ्याला कळत होतं, की हे मैदान म्हणजे देश आहे आणि मिरवणारे ते नट कोण आहेत. गाणं तपासणीतून सुटलं, स्पर्धा जिंकलं आणि सरकारच्याच दूरचित्रवाणीतर्फे देशाचं अधिकृत गाणं होऊन लक्झेंबर्गला गेलं. तपासनिसांना ते समजलं नाही, की समजूनही त्यांनी डोळेझाक केली, कुणास ठाऊक. आपल्याकडे आणीबाणीत वृत्तपत्रं चालवणाऱ्यांना असे अनुभव चांगलेच परिचयाचे होते.

एवढा तमाशा झाल्यावर १९७४ ची निवड त्या मानानं अगदी सोज्वळ होती. मार्चमध्ये लिस्बनच्या मारिया मातोस नाट्यगृहात स्पर्धा झाली. 'आणि निरोपानंतर' या गाण्याचे शब्द जुझे निझा यांचे. ते पेशानं डॉक्टर. संगीत जुझे काल्व्हारियो यांचं. ना बैल, ना मैदान, ना कुणाला टोमणा. एक पुरुष, एक गेलेली बाई आणि रात्र. निळ्या पेन्सिलीला काही कामच नव्हतं.

नेमका हाच गुण उठाव करणाऱ्यांना हवा होता.

हे अधिकारी बहुतेक कॅप्टन हुद्द्याचे. अंगोला, गिनी, मोझांबिक अशा तीन आघाड्यांवर वर्षानुवर्षं चाललेल्या युद्धानं ते पिचून गेले होते. आणखी एक सल त्यांच्या मनात होता आणि त्याचा संबंध थेट आपल्याशी आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा सालाझारनं शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम सोडला होता. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी तो न मानता शरणागती पत्करली आणि हजारो जीव वाचवले. बक्षीस म्हणून त्यांना सैन्यातून बडतर्फ केलं गेलं. राजकारण्यांच्या हट्टापायी हरायचं आणि खापर मात्र सैन्यानं डोक्यावर घ्यायचं, हा गोव्याचा धडा कॅप्टन मंडळी विसरली नव्हती. आफ्रिकेत उद्या आपलंही तेच होणार, ही त्यांची भीती होती.

उठावाची आखणी मेजर ओतेलो साराइवा द कार्व्हालो यानं केली. ठिकठिकाणच्या तुकड्यांनी एकाच वेळी हलायला हवं होतं, पण टेलिफोनवर विश्वास नव्हता, कारण गुप्त पोलीस ऐकत असत. मग ठरलं, की इशारा रेडिओवरून द्यायचा. ओतेलोच्या मनात होतं झेका आफोन्सो याचं गाणं. आफोन्सो म्हणजे विरोधकांचा लाडका गायक. निवेदक दिनिसनं त्याला अडवलं. आफोन्सोचं असं गाणं अवेळी लागलं तर पहिला संशय तिथंच येईल. त्यापेक्षा पावलो द कार्व्हालोचं युरोव्हिजनचं गाणं लावू, ते रोजच वाजतंय, कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. सरकारी संस्थेनं निवडलेलं, सरकारी खर्चानं परदेशी पाठवलेलं, वर तिथं हरून आलेलं गाणं. त्याच्यावर कोण संशय घेणार?

एक अडचण राहिली. दिनिसचं केंद्र लिस्बन परिसरापुरतंच ऐकू येत असे. लांबच्या छावण्यांसाठी दुसरा इशारा लागणार होता आणि तो रेडिओ रेनासेन्सा या चर्चच्या केंद्रावरून द्यायचं ठरलं. तिथं मात्र आफोन्सोचंच गाणं निवडलं गेलं, 'ग्रांदोला, व्हिला मोरेना'. ते बंदीतून सुटलेलं होतं. २५ एप्रिलच्या पहाटे, बारा वाजून वीस मिनिटांनी, आधी त्यातलं एक कडवं वाचलं गेलं आणि मग पावलांच्या ठेक्यावरचं ते गाणं सुरू झालं. आता मागं फिरणं नव्हतं. आज जगाला आठवतं ते 'ग्रांदोला'. तेच क्रांतीचं गाणं ठरलं, ते योग्यच आहे. पण पहिली काडी ओढली ती त्या बापुड्या विरहगीतानं.

पुढचं बरंच सर्वांना ठाऊक आहे. रस्त्यावर उतरलेल्या सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोवली. गुप्त पोलिसांच्या गोळीबारात चार नागरिक ठार झाले. कायतानो शरण आला. एक-दोन दिवसांत लिस्बनजवळच्या काशियस तुरुंगातून राजकीय कैदी बाहेर पडले. याच काशियसच्या किल्ल्यात सांगलीचे मोहन रानडे कित्येक वर्षं खितपत पडले होते. गोवा मुक्त झाला तरी रानडे सुटले नाहीत. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे सिमोनच्या त्या गाण्याच्या वर्षी.

२८ एप्रिलला समाजवादी नेते मारियो सोआरेस परदेशातल्या वनवासातून आगगाडीनं परतले. उतरले सांता आपोलोनिया स्टेशनवर. तिथं पुन्हा माणसांचा पूर. सोआरेस परराष्ट्रमंत्री झाले आणि वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबर १९७४ ला, नवी दिल्लीत एका करारावर सह्या झाल्या. पोर्तुगालतर्फे सोआरेस, भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताची आहेत, हे पोर्तुगालनं तेरा वर्षांनी मान्य केलं. ब्रायटनला तीन गुण मिळवणाऱ्या गाण्यामुळे हे झालं असं म्हणणं वेडगळपणाचं होईल. पण त्या रात्रीची ती साखळी कुठून सुरू झाली हे सांगताना ते गाणं वगळताही येत नाही.

क्रांतीनंतर गाणं निवडायचं कसं? १९७५ मध्ये निवडला गेलेला गायक दुआर्ते मेंदेस स्वतःच कॅप्टन होता, २५ एप्रिलच्या उठावात भाग घेतलेला. गाण्याचं नाव 'पहाट'. १९७६ ची तऱ्हा तर अगदीच वेगळी. सगळी गाणी कार्लोस दो कार्मो या एकाच प्रसिद्ध फादो गायकानं गायची आणि प्रेक्षकांनी टपालानं मतं पाठवायची. म्हणजे गायक कोण हा प्रश्नच नाही, फक्त गाणं निवडा. त्या वर्षी २५ एप्रिललाच नव्या राज्यघटनेखाली संसदेची पहिली निवडणूक व्हायची होती, त्याआधी मार्चमध्ये लोकांनी पत्रं टाकून गाण्याला मतं दिली.

जिंकलं ते मानुएल आलेग्रे याच्या कवितेचं गाणं. हा कवी सालाझारच्या काळात देशाबाहेर पळून अल्जिअर्सला राहिला होता आणि तिथून 'व्होझ दा लिबेर्दादे' म्हणजे 'स्वातंत्र्याचा आवाज' या केंद्रावरून आपल्या देशाला हाक देत होता. योगायोग असा, की त्याच्या आधी, १९५५ ते १९६१ या काळात, पश्चिम घाटाच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो गोव्यासाठी जे गुप्त रेडिओ केंद्र चालवत, त्याच्याही नावाचा अर्थ तोच. तेही कोकणीबरोबर पोर्तुगीजमधून बोलत असे. एकाच सत्तेविरुद्ध, एकाच भाषेत, दोन खंडांतून. हेगच्या स्पर्धेत आलेग्रेचं गाणं बारावं आलं. कुणाला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

त्यानंतरची पस्तीसेक वर्षं मी भरभर ओलांडतो. पोर्तुगाल जात राहिला, हरत राहिला, १९९६ मध्ये एकदा सहावा आला आणि तोच विक्रम म्हणून मिरवत राहिला.

२०११ मध्ये मात्र पुन्हा ठिणगी पडली. देश कर्जात बुडालेला, तरुणांना कामं नाहीत. राष्ट्रीय स्पर्धेत 'ओमेंस दा लुता' म्हणजे 'लढ्यातली माणसं' हा विनोदी चमू उतरला. १९७४-७५ च्या क्रांतिगायकांची नक्कल करणारा, हातात कर्णा घेतलेला. जिल्ह्यांच्या परीक्षकांनी त्यांना मागं ठेवलं. जनतेच्या फोनमतांनी उचलून पहिलं केलं. सभागृहात काहींनी शिट्ट्या मारून निषेध केला, काही उठून गेले. ती तारीख ५ मार्च. बरोबर एका आठवड्यानं, १२ मार्चला, बेकारीनं वैतागलेल्या तरुणांचे प्रचंड मोर्चे देशभर निघाले, त्याच महिन्यात पंतप्रधानांनी राजीनामा दिला. गाणं म्हणून ते यथातथाच होतं. जर्मनीत उपान्त्य फेरीतच बाद झालं. पण लोकांनी गाण्यासाठी फोन केलेच नव्हते मुळी.

याच्या उलट झालं २०१७ मध्ये. आदल्या वर्षी स्पर्धेतून बाहेर राहिलेल्या आरटीपीनं पद्धत बदलली, नामवंत संगीतकारांना बोलावून गाणी करायला सांगितली. निम्मे गुण परीक्षकांचे, निम्मे जनतेचे. लुईझा सोब्राल हिनं आपला भाऊ साल्व्हादोर याच्यासाठी एक जुन्या वळणाचं, हळुवार, वाल्ट्झच्या ठेक्याचं गाणं केलं. जनतेच्या मतांत साल्व्हादोर दुसरा होता, परीक्षकांच्या गुणांनी तो तरला. आणि किव्हला जाऊन या हृदयविकारानं ग्रासलेल्या तरुणानं ७५८ गुणांचा विक्रम करून पोर्तुगालला पहिला विजय मिळवून दिला, तोही युरोपातले परीक्षक आणि जनता दोघांच्या पहिल्या पसंतीनं. ५३ वर्षं लागली.

जिंकणाऱ्यानं पुढच्या वर्षी यजमान व्हायचं, असा रिवाज आहे. त्यामुळे मे २०१८ मध्ये स्पर्धा लिस्बनला आली. त्या वर्षीच्या राष्ट्रीय निवडीत दोन गाण्यांचे गुण समसमान झाले, एक परीक्षकांचं आवडतं, एक जनतेचं. नियमानुसार जनतेचं मत निर्णायक ठरलं आणि तेच गाणं गेलं. अंतिम फेरीत २६ देश होते. यजमान पोर्तुगाल सव्विसावा आला.